नाव, वार, गाव

टकुरेनाना कुणाला रामराम घालत नसत. ते माणूस तपासत. सकाळी गल्लीत जो पहिला समोर येईल त्याला थांबवायचे, त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचे आणि विचारायचे, "नाव? आज वार कंचा? आत्ता कुठल्या गावात हायस?" दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर लग्नाला निघालेला नवरदेव असो, सूट नाही. तिन्ही उत्तरे बरोबर आली की खांद्यावर थाप पडायची, "शुद्धीत हाय. जा." पण घाईघाईत कुणी मंगळवारला बुधवार म्हणाला की त्याचे भरलेच. नाना त्याची पापणी वर ओढून बघणार, "मान हलवू नगंस" असा हुकूम सोडणार आणि पायरीवर बसवून तांब्याभर पाणी पाजणार. दूधवाल्याने तर कॅलेंडर बघून घराबाहेर पडायची सवयच लावून घेतली होती.

टकुरे हे काही त्यांचे आडनाव नव्हे. आमच्या इस्लामपुरात डोक्याला टकुरं म्हणतात आणि नानांना दुसऱ्याच्या टकुऱ्याशिवाय बोलायला विषय नव्हता. म्हणून गल्लीने हे आडनाव त्यांना परस्पर देऊन टाकले होते. पलटणीतून हवालदार होऊन ते पेन्शनीत आले होते, पण बंदुकीशी त्यांचा संबंध बेताचाच. सगळी नोकरी लष्करी दवाखान्यात गेली आणि त्यातली चौदा वर्षे डोक्याला मार लागलेल्या जवानांच्या वॉर्डात. पट्ट्या बदलायच्या, घास भरवायचा आणि तासातासाला हेच तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहायची. पेन्शन सुरू झाली तरी वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती एकाहत्तरच्या शिरगणतीत. मी साताऱ्याची, प्राथमिक शाळेत नवीनच लागलेली आणि अंगात नव्या मास्तरणीचा ताठा. काखेत सरकारी कागदांची पिशवी घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. पिठाचे हात पदराला पुसत एक बाई बाहेर आल्या. गल्ली त्यांना आक्का म्हणायची, पुढे मीही म्हणायला लागले. मी विचारले, "घरमालकांचं नाव?" आक्कांनी पदर पुढे ओढला. "आता गं बाई!" एवढेच म्हणाल्या. मी जरा मोठ्याने पुन्हा विचारले. त्यांनी हनुवटी उडवून दाराबाहेर दाखवले, "ते काय, म्होरं बसल्यात."

समोर मारुतीचे देऊळ होते आणि त्याच्या पारावर एक गृहस्थ विडी ओढत बसले होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि घरात माणसे किती, मुले किती, शिक्षण किती, सगळे विचारून तक्ता भरून टाकला. त्यांनीही मोठ्या हौसेने सांगितले. ते गृहस्थ बाजाराला शेरडे घेऊन आलेले परगावचे निघाले. सात लेकरांचा तो बाप मी आक्कांच्या घरात मोजून टाकला होता. एवढ्यात खरे नाना पिशवी घेऊन आले. सगळा प्रकार ऐकून ते मटकन पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "आवं बाई, तिनं बरुबर सांगितलं की! माझं नाव मारुती. नवऱ्याचं नाव घिऊ कसं म्हणून देव दाखवला तिनं, आन् तुमी त्येच्या पारावरचा मानूस उचलला!" खरे तर मला कळायला हवे होते. माझी आईसुद्धा वडिलांचे नाव कुणी विचारले की शेजारणीकडे बोट दाखवायची. पण हातात सरकारी कागद असला की घरचे शहाणपण सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी दुसऱ्या मास्तरांना पाठवून तो तक्ता नव्याने भरून घेतला. पहिल्या दिवशी नानांनी मलाही तीन प्रश्न घातले होते. गोंधळात मी शुक्रवारला गुरुवार म्हणाले. "बाई शिकलेल्या हायत," त्यांनी निकाल दिला, "पर वाराला कच्च्या." जूनमध्ये त्यांचीच मागची खोली मी भाड्याने घेतली आणि हा शेरा आठ वर्षे ऐकला.

थंडीच्या तोंडाला बाजारात फ्लॉवर यायला लागला की नानांचे वर्ग सुरू व्हायचे. सगळ्यात घट्ट गड्डा निवडून ते सोप्यात मांडी घालून बसत आणि सापडेल त्याला शिकवत. "ह्यो बगा मेंदू. आसाच दिसतोय, फकस्त मऊ आन् करडा." मग बोटाने एकेक तुरा दाखवायचा. "हितं कपाळामागं इचार. हितं डाव्या अंगाला बोलणं. ह्या मागच्या तुऱ्यानं दिसतंय. आन् डावा मेंदू हलवतोय उजवा हात, उजवा मेंदू डावा."

"असं उलटं का हो नाना?"

"ते वरच्या सायबाला ठावं. आपण हुकूम पाळायचा."

एवढ्यात आतून हाक यायची, "आवं, झाली का शाळा? आणा त्यो मेंदू हिकडं, फोडणी करपाय लागली!" पाच मिनिटांत विचार, बोलणे आणि दृष्टी हळदीमिठासकट कढईत पडत. पहिल्या वर्षी ताटातला तुरा बोलण्याचा की बघण्याचा, या विचाराने माझा घास उतरेना. आक्का म्हणाल्या, "खावा बाई खावा. त्यांच्या टकुऱ्यातलं समदं मी आसंच शिजवून काढलंया."

रागाबद्दलही त्यांचे एक शास्त्र होते. "मेंदू म्हंजे माडीचं घर हाय बगा. खाली जुनी खोली. राग, भ्या, माया ही जुनी मंडळी तिथं ऱ्हात्यात. शहाणपण वर माडीवर. जिना लय लांब. म्हणून राग आला की धापर्यंत मोजायचं. तवर शहाणपण जिना उतरून खाली येतंय." हे मी पुढे उभ्या नोकरीत वर्गावर वापरले आणि भांडणारी पोरे खरोखर शांत झाली. नानांचे स्वतःचे शहाणपण मात्र कधी वेळेवर खाली आले नाही. शेजारची शेळी परसातली कोथिंबीर खाताना दिसली की ते मोठ्याने "एक, दोन" म्हणत आणि तीनला पायातली चप्पल सुटलेली असायची. आक्का आतून विचारायच्या, "आज जिन्यात घसरलं वाटतं?"

विसरण्याचे ते मोठे समर्थन करत. "इसरणं ही बी मेंदूची ड्युटीच हाय. समदं ध्यानात ऱ्हायलं तर मानूस येडा हुईल." ही ड्युटी ते स्वतः फार चोख बजावत. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत. एकदा गिरणीतून दुसऱ्याचेच पीठ घेऊन आले आणि आम्ही दोन दिवस ज्वारीऐवजी बाजरीच्या भाकऱ्या खाल्ल्या. आक्कांचे उलटे. अक्षरओळख नाही, पण कुणाच्या लग्नात कुणी कोणते लुगडे नेसवले, कुठल्या साली विहीर आटली, सगळे त्यांच्या डोक्यात. शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की मी त्यांना आक्कांकडे पाठवी. "आमच्या थोरल्या म्हशीला रेडी झाली, त्येच्या दुसऱ्या दिशी ह्यो झाला. शनवार हुता." मी एकदा जुने पंचांग काढून बघितले, शनिवारच निघाला. नानांना हे पटायचे नाही. "त्याला बुद्धी म्हणत न्हाईत, बाई. ती सवय हाय," असे म्हणायचे आणि चष्मा कुठे आहे हे तिलाच विचारायचे.

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती, आणि ती ते आल्यागेल्यापुढे मांडत. "तीस वरसं झाली लग्नाला. हिनं एकडाव माझं नाव घेतलं न्हाई. आमच्या वॉर्डात आसती तर मी बेशुद्ध म्हणून लिवली आसती." आक्का भिंतीकडे तोंड करून हसायच्या आणि म्हणायच्या, "लिवा की. बेशुद्ध बाईच्या हातच्या भाकरी ग्वाड लागत्यात न्हवं?" नाना घरात असोत की शेतात, त्यांच्यासाठी हाक एकच, "आवं!" आणि सरकारी माणूस आला की हनुवटी देवळाकडे. मी मात्र परत फसले नाही.

मला तिथे राहून पाच-सहा वर्षे झाली असतील. एके दिवशी सकाळी आक्का भाकरी थापत होत्या आणि नाना परसात दाढी करत होते. थापण्याचा आवाज मध्येच थांबला. नाना साबणाच्या तोंडानेच आत धावले. परातीत अर्धी थापलेली भाकरी, आक्का भिंतीला टेकलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेले. नानांनी विचारले, "नाव काय? वार कंचा?" आक्कांनी तोंड उघडले, पण शब्द आला नाही. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. डावीकडचा मेंदू, बोलणे आणि उजवे अंग, हे सगळे नानांनी आम्हाला फ्लॉवरवर कितीदा दाखवले होते. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "बाई, जीप बगा."

सांगलीच्या दवाखान्यात त्या पंधरा-वीस दिवस होत्या. आष्ट्याला दिलेली लेक आणि जावई धावून आले, सगळे कागद जावयाने केले. शेवटी डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण बोलणे गेले आहे, अंगही गेले आहे. समजते किती ते आज सांगता येणार नाही. घरी न्या आणि त्यांच्याशी बोलत राहा. नानांनी यातले सगळे ऐकले, फक्त शेवटचे वाक्य सोडून.

घरी आल्यावर मधल्या खोलीचा वॉर्ड झाला. खाट खिडकीला लागून, आक्कांच्या डाव्या हाताला खिडकी. औषधे ओळीने, उशाशी घंगाळ, आणि नवी कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर नानांनी लिहिले होते, "पेशंट : घरातली." मला त्या दुःखातही हसू आले. "अहो नाना, नाव लिहा की आक्कांचं." ते खेकसले, "वॉर्डात येकच पेशंट हाय. घोटाळा कशानं हुतोय?"

दिवसातून तीनदा तपासणी. नाना पायाशी ताठ उभे राहत आणि परेडवरच्या आवाजात विचारत, "माझं नाव काय?" आधी तिचे नाव का नाही विचारत, असे मी म्हटले तर म्हणाले, "सोताचं नाव मानूस येकवेळ इसरंल. नवऱ्याला वळखती का न्हाई, ते मला बगायचं हाय." मान हलवून सांग म्हटले तर आक्का कधी उभी हलवत, कधी आडवी, त्यावर भरवसा ठेवता येईना. बोलायला गेल्या की घशातून नुसता घरघर आवाज यायचा. मग त्या नजर फिरवून खिडकीकडे बघत राहायच्या. नाना वहीत लिहायचे, "उत्तर नाही. नजर खिडकीकडे. डावा हात उगाच हलतो." चौथ्या दिवशी त्यांनी खिडकीच लावून घेतली. "उजेडानं चित्त भरकटतंय तिचं." त्या दिवशी आक्का खूप रडल्या. वहीत नोंद झाली, "विनाकारण रडणे. भावनेवर ताबा नाही." असे रोगी उगाच रडतात, उगाच हसतात, हे त्यांनी वॉर्डात पाहिले होते. रोज शाळेतून आले की मी ती वही वाचत होते. मी स्वतःला एवढी शहाणी समजणारी, पण मीही त्या वहीवरच विश्वास ठेवून बसले.

नवव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ते ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. गुडघे चोळत बोलायला लागले.

"बाई, ती आत न्हाई. शरीर हाय, ती न्हाई. आईतवारी जावई जीप घिऊन येनार हाय. आष्ट्याला लेकीकडं धाडतो."

"अहो, पण हे घर तिचं आहे!"

"तिला कुठं कळतंय? हितं काय आन् तिकडं काय." मग म्हणाले, "मला वळखत आसती तर मी हालू दिली आसती का? मला तेवढंच कळाय पायजेल हुतं बगा. बोललं न्हाई तरी चाललं आसतं. नुसतं वळखाय पायजेल हुतं."

मला त्यांचा राग आला. मी दहापर्यंत मोजले आणि उठून माझ्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. साडेअकराला घरी आले. उन्हाळा लागला होता आणि मधल्या खोलीत नुसते कोंदले होते. आक्कांच्या मानेवर घामाच्या धारा. कुणाला न विचारता मी खिडकीचे दार ढकलले. उजेड आत आला, समोर देवळाचा कळस आणि त्यावरचे भगवे निशाण दिसले. आक्कांनी असा काही श्वास सोडला की मी चमकून बघितले. नाना पेटीत त्यांची लुगडी भरत होते. ते उठून खिडकी लावायला आले आणि थांबले. "ऱ्हाऊ दे उगडी. शेवटची तपासणी करतो." पायाशी जाऊन ताठ उभे राहिले. "माझं नाव काय?"

आक्कांनी मान वळवली. गोधडीतून डावा हात बाहेर निघाला, वीतभर खिडकीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे येऊन पुन्हा गोधडीत शिरला. मग त्यांनी हनुवटी उडवली. एकदाच, बाहेरच्या बाजूला.

ती हनुवटी मी ओळखली. पाच-सहा वर्षांपूर्वी पिठाच्या हातांनी दारात उभ्या आक्कांनी हीच हनुवटी उडवली होती आणि मी पारावरचा शेरडेवाला मोजून आले होते. हात मागे का आला तेही त्याच क्षणी कळले. उजवा हात मेलेला आणि डाव्या हाताने देव कोण दाखवतो? माझ्या आईने त्या हातावर चापट मारली असती.

"नाना!" मी ओरडलेच. "अहो, ती सांगतेय!"

"काय सांगतीया?"

"तुमचं नाव! बघा ना कुठं बघतेय ती!"

नानांनी खिडकीतून बाहेर बघितले. गाभाऱ्याचे दार उघडे होते आणि आतला शेंदऱ्या मारुती ऊन पडल्यामुळे लख्ख दिसत होता. रोज सकाळी ज्याला हात जोडत होते त्याच्याकडे नाना असे बघत राहिले की जणू तो आजच येऊन बसला आहे. मग ते खाटेच्या पायथ्याकडून उशाशी आले, खाली वाकले. परेडचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"माझं नाव काय गं?"

आक्कांनी देवळाकडे बघितले. मग नानांकडे बघितले. तोंडाची डावी, जिवंत असलेली बाजू हळूच हसली. आणि डाव्या हाताने चाचपडत चाचपडत त्यांनी पदर ओढून तोंडावर घेतला.

"लाजली," मी म्हणाले.

नाना जमिनीवर बसले. "नऊ दिस," ते म्हणाले. "नऊ दिस ती रोज तीन-तीनदा बरुबर उत्तर देतीया, आन् मी नापास करतोय. वर खिडकी लावली तिची. पाटी काढून घेतली आन् म्हणतोय लिवत का न्हाईस." आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. मी रडत होते. पदराखाली आक्का रडत होत्या. भावनेवर ताबा त्या खोलीत कुणाचाच राहिला नव्हता.

अर्ध्या तासाने डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे वह्या तपासायची लाल पेन्सिल मागितली. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक "उत्तर नाही" खोडून शेजारी लिहिले, "उत्तर बरोबर." चौथ्या दिवसाच्या रडण्यापुढे "विनाकारण" हा शब्द खोडला आणि लिहिले, "कारण : मी." रविवारी जावई जीप घेऊन आला. त्याला पोटभर जेवायला घालून नानांनी ती जीप तशीच रिकामी परत लावून दिली.

त्या दिवसापासून त्यांच्या शास्त्रात नवीन कलम आले. "चौदा वरसं वॉर्डात काढली. नाडी तपासली, पापणी तपासली, टाचणी टोचून बघितली. लाज तपासायची ऱ्हायली. लाज शाबूत हाय म्हंजे मानूस शाबूत हाय." हे त्यांनी सांगलीच्या डॉक्टरांनाही ऐकवले. डॉक्टर म्हणे आधी हसले आणि मग त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. गल्लीतल्या तपासणीतही बदल झाला. बायकांना ते आता फक्त वार आणि गाव विचारू लागले. "नाव ज्येचं त्येला ठावं," म्हणायचे.

आक्का पुन्हा चालल्या नाहीत. पण नाना दिवसभर त्यांच्याशी बोलत, पिकाचे, पावसाचे, गिरणीचे, अगदी शेळीचेसुद्धा. दोन महिन्यांनी आक्कांच्या तोंडून पहिला शब्द फुटला, तो "आवं!" तेवढा एकच शब्द परत आला, पण तो त्यांना पुरला. भूक लागली की आवं, कूस बदलायची की आवं, राग आला की आवं. प्रत्येकाची चाल वेगळी आणि नानांना त्या सगळ्या पाठ. स्वयंपाक आता तेच करायचे. सोप्यात फ्लॉवर घेऊन कुणाला शिकवत बसले की आतून जोरदार "आवं!" यायचे आणि नाना उठून पळायचे, "फोडणी करपली जनू!"

आणखी दोन वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली. निघताना आक्कांच्या पाया पडले तर त्यांनी डाव्या हाताने माझा गाल धरून ठेवला, सुटेचना. नाना एसटीपर्यंत ट्रंक घेऊन आले. गाडी सुटताना खिडकीशी उभे राहून म्हणाले, "आज वार कंचा?" मी म्हटले, "गुरुवार." त्यांनी मान हलवली, "शुक्रवार हाय. जावा. तुमी काय सुधारायच्या न्हाई."

पुढच्याच वर्षी आक्का गेल्याचे पत्र आले. मी गेले तेव्हा दिवस उरकले होते. मधली खोली मोकळी, खाट उभी करून ठेवलेली, खिडकी मात्र सताड उघडी. नाना माझ्यासमोर चहाचा कप ठेवून बसले आणि कचेरीत नोंद करायला गेले होते ती हकीकत सांगायला लागले.

"कारकून म्हणला, मयताचं नाव? म्या त्वांड उगडलं. बाई, येईना."

"विसरलात?"

"इसरतोय कसला! जिभेवर हाय की. पर हयातीत कवा घेतलंया? 'अगं' म्हणलं की येत हुती. आन् तिला मी जन्मभर चिडवलं, नाव घेत न्हाईस म्हणून. आता ती मेल्यावर पयल्यांदा घ्यायचं, ते बी त्या कारकुनाम्होरं?" ते हसले. "मी गप्प ऱ्हायलो तर त्यो पोरगा मला म्हणतोय, आजोबा, आज वार कोणता? मला! आत्ता कुठं बसलाय सांगा बरं! त्येला वाटलं म्हाताऱ्याचं टकुरं गेलं. म्हणलं, सोमवार हाय, कचेरीत बसलोय, शुद्धीत हाय मी. शेवटी त्येनं जावयाला आत बोलावलं. त्येनं सांगितलं."

मला एकदम जाणवले की आठ वर्षे त्या घरात राहूनही आक्कांचे नाव मला माहीत नव्हते. सगळ्या गल्लीची ती आक्का, माझीही आक्काच. वहीतसुद्धा ती "घरातली" होती.

"नाना, काय हो नाव आक्कांचं?" मी विचारले.

 नानांनी मान वळवली आणि हनुवटी जराशी उडवली, परसाच्या दाराकडे. तिथे, हिंडत्याफिरत्या असताना आक्का रोज सकाळी पाणी घालायच्या त्या पत्र्याच्या डब्यात, तुळस होती.

"तुळसा?" मी म्हणाले.

नानांनी खांद्यावरचा पंचा ओढून तोंडावर घेतला.